क्षयरोगाची रेणवीय चाचणी आणि नमुन्याची गुणवत्ता

रेणवीय चाचणी, म्हणजेच मॉलिक्युलर टेस्ट, ही क्षयरोगाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधून निदान करणारी चाचणी होय. भारतात ती मुख्यतः सीबीनॅट आणि ट्रूनॅट या दोन नावांनी परिचित आहे. तिची अचूकता दोन गोष्टींवर ठरते. यंत्र किती कमी जंतू ओळखू शकते ही पहिली, आणि यंत्रापर्यंत पोचलेल्या नमुन्यात मुळात जंतू आहेत की नाहीत ही दुसरी. पहिली गोष्ट कारखान्यात ठरते आणि माहितीपत्रकावर छापलेली असते. दुसरी रुग्ण, आशा कार्यकर्ती व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या हाती असते आणि तिचा उल्लेख अहवालावर क्वचितच सापडतो. क्षय झालेल्या माणसाने डबीत नुसती लाळ दिली तर ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो. त्या लाळेपुरता तो खराही असतो. त्या माणसापुरता मात्र तो चुकीचा असतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा विचार नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

परिभाषा

या नमुन्याला मराठी सरकारी कागदपत्रांत, फलकांवर आणि जाहिरातींत ‘थुंकी’ असा शब्द रूढ आहे. ‘थुंकी तपासणी’, ‘थुंकी नमुना’ हे प्रयोग सर्वत्र आढळतात. रोजच्या बोलण्यात मात्र थुंकी म्हणजे तोंडातील लाळ. खोकल्यासरशी छातीतून वर येणाऱ्या घट्ट, चिकट स्रावाला मराठीत बेडका किंवा कफ म्हणतात. क्षयाच्या तपासणीस हवा असतो तो बेडका. हिंदीत थूक आणि बलगम हा भेद आरोग्यखात्याच्या भाषेतही टिकला आहे. मालेगावच्या उर्दूभाषक वस्त्यांतही बलगम हाच शब्द समजतो. मराठीत सभ्यतेच्या कल्पनेमुळे म्हणा किंवा भाषांतराच्या घाईमुळे म्हणा, ‘बेडका’ मागे पडला आणि ‘थुंकी’ पुढे आली. त्याचा परिणाम केवळ भाषिक राहत नाही. ‘उद्या सकाळची थुंकी आणा’ असे सांगितलेला माणूस सांगितले तेच करतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. सुरगाणा व पेठ तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांच्या बोली आहेत. प्रमाण मराठीतील छापील सूचनापत्र या सर्वांना सारखेच कळेल असे गृहीत धरता येत नाही. हाताने छातीकडे बोट दाखवून आणि स्वतः खोकून दाखवून दिलेली सूचना कोणत्याही भाषेत कळते.

पार्श्वभूमी

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. तेव्हापासून सुमारे सव्वाशे वर्षे जगभर निदानाचे प्रमुख साधन सूक्ष्मदर्शक हेच होते. काचपट्टीवर पसरलेल्या बेडक्याला विशिष्ट रंग देऊन जंतू मोजले जात. ही रीत स्वस्त आणि सोपी असली तरी एक मिलिलिटर बेडक्यात साधारणपणे ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत. संवर्धन, म्हणजे कल्चर, हे त्याहून फार सूक्ष्म असून १० ते १०० जिवंत जंतूही त्यातून वाढवता येतात. परंतु त्यास काही आठवडे लागतात आणि सुरक्षित प्रयोगशाळा लागते.

मधल्या काळात भारतात रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्यांचा मोठा व्यापार झाला. रक्त देणे सोपे, खोकणे अवघड, शिवाय अहवाल त्याच दिवशी. परंतु या चाचण्या विश्वसनीय नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली स्पष्ट केले आणि भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. चुकीच्या नमुन्यावर उभारलेल्या निदानाचे याहून ठळक उदाहरण देशाच्या अलीकडच्या वैद्यकीय इतिहासात सहज सापडणार नाही.

जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करण्याची पीसीआर पद्धत १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचली. ती क्षयासाठी बंदिस्त कार्ट्रिजमध्ये बसवणारे यंत्र अमेरिकेतील सेफिड या कंपनीने विकसित केले. याच कंपनीचे तंत्र २००१ मधील अँथ्रॅक्स प्रकरणानंतर तेथील टपाल तपासण्यासाठी वापरले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये या चाचणीची शिफारस केली. भारतात २०१२ साली देशातील १८ क्षयरोग पथकांच्या क्षेत्रांत तिचा प्रायोगिक वापर झाला आणि पुढे ती ‘सीबीनॅट’ या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. तिची ‘अल्ट्रा’ ही सुधारित आवृत्ती २०१७ साली मान्य झाली. ट्रूनॅट हे यंत्र भारतीय असून बंगळूरच्या बिगटेक लॅब्जमध्ये त्याचा विकास झाला व गोव्यातील मोलबायो डायग्नॉस्टिक्स त्याचे उत्पादन करते. जागतिक संघटनेची शिफारस त्यास २०२० साली मिळाली. ते आकाराने लहान असून बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज बेभरवशाची असलेल्या ग्रामीण केंद्रांतही बसवता येते. याच वर्षी कोरोनाची साथ आली आणि ही दोन्ही यंत्रे देशभर त्या तपासणीकडे वळवावी लागली.

जंतू नमुन्यात कसे येतात

फुप्फुसात क्षयाने पडलेली पोकळी श्वासनलिकेच्या एखाद्या शाखेत उघडली की तीतील जंतूयुक्त स्राव बाहेर येऊ लागतो. श्वासमार्गाच्या आतील सूक्ष्म केसांची अखंड हालचाल हा स्राव वर ढकलीत असते. रात्री माणूस आडवा असतो, खोकला कमी असतो, त्यामुळे स्राव साठतो. म्हणूनच सकाळी उठल्याबरोबरचा पहिला बेडका सर्वांत मोलाचा मानतात. तोंडातील लाळ ग्रंथींतून पाझरते. तिचा फुप्फुसाशी थेट संबंध नसतो. तीत जंतू सापडलेच तर खोकल्याबरोबर वर येऊन मिसळलेले, आणि संख्येने फार थोडे.

सर्वच रुग्णांना असा बेडका येतो असेही नाही. रोगाची सुरुवात, एचआयव्हीसहवर्ती क्षय, वार्धक्य किंवा बालवय यांत पोकळी पडलेली नसते अथवा खोकण्याची ताकद नसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते असे दिसून आले. अशा लक्षणहीन माणसाकडून चांगला बेडका मिळवणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे.

नमुना देण्याची रीत

रुंद तोंडाची, झाकणाला आटे असलेली, पारदर्शक, कोरडी डबी वापरतात. नमुना मोकळ्या हवेत, इतर माणसांपासून दूर घेतात; प्रयोगशाळेच्या बंद खोलीत किंवा शौचालयात घेत नाहीत, कारण खोकण्याच्या त्या क्षणी हवेत सर्वाधिक जंतू पसरतात. रुग्णाने आधी स्वच्छ पाण्याने चूळ भरावी. ही सूचना किरकोळ वाटते, पण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तंबाखू, पान आणि स्त्रियांमध्ये मिश्रीचा वापर मोठा आहे. त्यांचे कण व अन्नकण नमुन्यात आल्यास पुढे यंत्राची सूक्ष्म वाहिनी तुंबते. त्यानंतर दोनतीन वेळा खोल श्वास घेऊन, शेवटचा श्वास क्षणभर रोखून, छातीच्या तळापासून खोकावे आणि आलेला बेडका डबी ओठांशी धरून तीत सोडावा. २ ते ५ मिलिलिटर, घट्टसर, पिवळसर वा पांढरट नमुना चांगला समजतात. पाण्यासारखा पातळ, फेसाळ, बुडबुड्यांचा नमुना बहुधा लाळेचा असतो.

या सूचनांचा परिणाम मोजला गेला आहे. पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेडका कसा काढावा हे स्त्रियांना थोडक्यात समजावून सांगितलेल्या गटात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडण्याचे प्रमाण १३ टक्के होते, तर न सांगितलेल्या गटात ते ८ टक्के होते. पुरुषांमध्ये असा फरक पडला नाही. चारचौघांत खाकरणे स्त्रीला अशोभनीय मानणाऱ्या समाजात तिच्या डबीत लाळच अधिक जाते, हा या निष्कर्षाचा सरळ अर्थ आहे, आणि तो आपल्याकडेही लागू पडण्यास काही अडचण दिसत नाही. यंत्र तेच, रसायन तेच. फक्त दोन मिनिटांचे बोलणे वाढले.

डबीवर नाव व निक्षय प्रणालीतील क्रमांक लिहायचा तो डबीच्या अंगावर. झाकणावर लिहिल्यास, दोन डब्या एकाच वेळी उघडल्या असता झाकणे बदलतात आणि एकाचा क्षय दुसऱ्याच्या नावावर जातो. ही चूक कोणतेही यंत्र पकडू शकत नाही.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. क्षयरोग कार्यक्रमाच्या दृष्टीने नाशिक ग्रामीण, नाशिक महानगरपालिका आणि मालेगाव महानगरपालिका असे तीन स्वतंत्र विभाग आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही १९९८ पासून याच शहरात आहे.

भूगोलाच्या दृष्टीने हा जिल्हा नमुन्याची परीक्षा पाहणारा आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी. तेथे पावसाळ्यात नाले भरतात, पाड्यांचे रस्ते तुटतात आणि सकाळी दिलेला बेडका त्याच दिवशी केंद्रावर पोचेल याची खात्री नसते. पूर्वेस मालेगाव, नांदगाव, येवला हा अवर्षणप्रवण पट्टा. मालेगाव नाशिकपासून सुमारे १०० किलोमीटर असून तेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. कार्ट्रिज चाचणीसाठी न प्रक्रिया केलेला बेडका ३५ अंश सेल्सिअसपर्यंत जास्तीत जास्त ३ दिवस ठेवता येतो, असे उत्पादकाचे निर्देश आहेत. मालेगावच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीतील डबी ही मर्यादा पहिल्याच दुपारी ओलांडते. उष्णतेने जंतूचा जनुकीय अंश लगेच नष्ट होतो असे नव्हे. तथापि इतर जीवाणू झपाट्याने वाढतात, बेडका पातळ होतो, आणि याच नमुन्याचे पुढे संवर्धन करायचे असल्यास ते बिघडण्याची शक्यता फार वाढते. यासाठी बर्फाच्या पिशव्या घातलेली शीतपेटी, तीत आटेदार नळी, आणि गळती शोषणारे वेष्टन अशी तीन थरांची बांधणी करतात.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. पेठ व सुरगाण्यातील मजूर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर कामाला जातात. पहिला नमुना निकामी ठरला किंवा निकाल अनिर्णित आला तर दुसरा मागायचा. परंतु तोपर्यंत माणूस दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा नमुना मागवणे म्हणजे एक फोन असतो, येथे तो एका दिवसाचा रोजगार असतो. पहिलाच नमुना चांगला मिळवणे येथे किती मोलाचे आहे, ते यावरून लक्षात येईल. मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांत प्रश्न निराळा आहे. घरे लहान, गल्ल्या दाट, रात्रपाळी. सकाळचा बेडका घरात कोणाच्या नजरेस न पडता काढण्यास जागाच नसते, आणि क्षयाविषयीची लाज अद्याप गेलेली नाही.

प्रयोगशाळेतील टप्पे

सीबीनॅटमध्ये बेडक्याच्या दुप्पट प्रमाणात एक द्रव मिसळतात. तो बेडका पातळ करतो व जंतूंना बव्हंशी मारतो. डबी जोराने हलवून १५ मिनिटे ठेवतात, त्यातील २ मिलिलिटर मिश्रण कार्ट्रिजमध्ये घालतात आणि पुढचे सर्व काम यंत्र करते. निकाल सुमारे दोन तासांत मिळतो. एक मिलिलिटर बेडका व दोन मिलिलिटर द्रव मिळून तीन मिलिलिटर मिश्रण होते, त्यातले दोनच आत जातात. म्हणजे मूळ बेडक्याचा दोन तृतीयांश भाग तपासला जातो. जुन्या कार्ट्रिजची ओळखमर्यादा मिलिलिटरला सुमारे १३१ जंतू आहे, अल्ट्राची सुमारे १६. मिलिलिटरला ३० जंतू असलेला पातळ नमुना अल्ट्रा बहुधा पकडेल. जुने कार्ट्रिज बहुधा सोडून देईल. नमुना अर्धा मिलिलिटरच असेल आणि तंत्रज्ञाने द्रव नेहमीइतकाच घातला, तर जंतू आणखी विरळ होतात. हातचलाखीची ही जागा माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेली असते.

मिश्रण नीट पातळ झाले नाही, किंवा त्यात अन्नकण राहिले, तर यंत्रातील दाब वाढून चाचणी मध्येच थांबते. त्या वेळी २००८ हा त्रुटिसंकेत दिसतो. ५००७ हा संकेत शोधक रेणूंच्या प्राथमिक तपासणीतील बिघाडाचा आहे, आणि द्रवाचे प्रमाण चुकणे किंवा बेडका फार चिकट असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कार्ट्रिजमध्ये एका निरुपद्रवी जीवाणूचे बीजाणू मुद्दाम घातलेले असतात. क्षयाचा जंतूही सापडला नाही आणि हे बीजाणूही सापडले नाहीत, तर यंत्र ‘अवैध’ असा निकाल देते, कारण नमुन्यातील काहीतरी प्रक्रियेस अडथळा करीत आहे. परंतु येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे अंतर्गत नियंत्रण चाचणी नीट झाली एवढेच सांगते. डबीत बेडका होता की लाळ, हे ते सांगत नाही. शुद्ध लाळेवर नियंत्रण उत्तम चालते आणि ‘जंतू नाहीत’ हा निकाल कोणत्याही इशाऱ्याविना छापला जातो.

ट्रूनॅटमध्ये जंतूचा जनुकीय अंश आधी एका यंत्रात वेगळा काढतात व मग त्याचा थेंब पिपेटने लहानशा चिपवर ठेवतात. हे काम हाताने होत असल्याने एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जाण्याची भीती बंदिस्त कार्ट्रिजपेक्षा अधिक असते. टेबल ब्लीचने पुसणे, पिपेटचे टोक दर वेळी बदलणे या गोष्टींना येथे फार महत्त्व आहे.

लाळेसारखा दिसणारा नमुना प्रयोगशाळेने नाकारावा की नाही, याबाबत एकमत नाही. डोळ्यांना लाळ वाटणाऱ्या नमुन्यांतही कधीकधी जंतू सापडतात, आणि लांबून आलेल्या रुग्णाला रिकाम्या हाती परत पाठवले तर तो पुन्हा येईलच असे नाही. त्यामुळे शक्य तेथे तत्काळ दुसरा नमुना मागावा, न मिळाल्यास आहे तो तपासावा व त्याचे स्वरूप नोंदवावे, ही मध्यममार्गी पद्धत अधिक शहाणपणाची दिसते.

अचूकतेचे आकडे आणि त्यांची मर्यादा

कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांनुसार जुन्या कार्ट्रिजची संवेदनशीलता सुमारे ८५ टक्के व विशिष्टता सुमारे ९८ टक्के आहे. अल्ट्राची अनुक्रमे सुमारे ९० व ९६ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसणाऱ्या रुग्णांत जुने कार्ट्रिज सुमारे ९८ टक्के रुग्ण ओळखते, परंतु जंतू न दिसणाऱ्यांत, म्हणजे ज्यांच्यासाठी नवी चाचणी खरी हवी असते त्यांच्यात, सुमारे ६७ टक्केच. भारतासह चार देशांत झालेल्या अभ्यासात ट्रूनॅटच्या दोन प्रकारांची संवेदनशीलता सुमारे ७३ व ८० टक्के आढळली.

हे आकडे कशाच्या तुलनेत काढले आहेत, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मापदंड असतो तो त्याच व्यक्तीच्या बेडक्याच्या संवर्धनाचा. एखाद्या रुग्णाने सर्व डब्यांत लाळच दिली, तर संवर्धनही नकारात्मक येते व चाचणीही; अभ्यासाच्या तक्त्यात तो ‘निरोगी’ स्तंभात जातो आणि चाचणी बरोबर ठरली असे गणले जाते. म्हणजे खराब नमुन्यामुळे होणारी हानी ८५ टक्के या आकड्यात धरलेलीच नसते.

कल्पनेने एक हिशेब मांडता येईल. खोकल्याच्या १,००० संशयितांपैकी १०० जणांना क्षय आहे. सर्वांनी उत्तम बेडका दिला तर ८५ सापडतील आणि १५ निसटतील. त्या १०० पैकी ३० जणांनी जंतूविरहित लाळ दिली असे धरले, तर उरलेल्या ७० मधून सुमारे ६० सापडतील, आणि ४० रुग्ण ‘निगेटिव्ह’ अहवाल घेऊन घरी जातील. यंत्रात काडीचाही बिघाड नसताना हे घडते.

उलट बाजूही आहे. विशिष्टता ९८ टक्के असल्याने उरलेल्या ९०० निरोग्यांत १८ खोटे सकारात्मक निघतात. पहिल्या उदाहरणात १०३ सकारात्मकांपैकी ८५ खरे, हे प्रमाण समाधानकारक आहे. परंतु शिबिरात, जेथे १,००० मध्ये १० जणांनाच क्षय असतो, तेथे ८ ते ९ खऱ्यांबरोबर सुमारे २० खोटे सकारात्मक येतील. डिसेंबर २०२४ मध्ये देशात सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेसारख्या व्यापक तपासण्यांत आधी एक्स-रे काढून संशयितांची छाननी करतात, त्याचे एक कारण हे गणित आहे.

मृत जंतू आणि ‘अंशमात्र’ निकाल

रेणवीय चाचणी जनुकीय अंश पाहते. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाच्या बेडक्यात मृत जंतूंचे अवशेष दीर्घकाळ आढळू शकतात. म्हणून औषधोपचार चालू असताना सुधारणा मोजण्यासाठी ही चाचणी वापरीत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक वा संवर्धन लागते. अल्ट्रा तर इतकी सूक्ष्म आहे की तिच्यात ‘ट्रेस’ म्हणजे अंशमात्र अशी स्वतंत्र श्रेणी ठेवावी लागली. बालके, एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि फुप्फुसाबाहेरील नमुने यांत अंशमात्र निकालही क्षय मानतात. ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला आहे अशा प्रौढात मात्र तो सावधपणे घ्यावा लागतो.

औषधरोधाच्या निकालावर परिणाम

ही चाचणी जंतूबरोबरच रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला होणारा रोधही तपासते. त्यासाठी आरपीओबी या जनुकाचा ८१ अक्षरांचा तुकडा वाचला जातो. नमुन्यात जंतू अगदी कमी असतील तर शोधक रेणूंपैकी एखादा उशिरा प्रतिसाद देतो, आणि यंत्र त्यास उत्परिवर्तन समजून ‘रोध आहे’ असे सांगू शकते, किंवा ‘अनिर्णित’ म्हणून हात वर करते. ‘अत्यल्प जंतू’ व ‘रोध आहे’ हे दोन्ही शेरे एकाच अहवालावर आले, आणि रुग्णाला पूर्वी क्षयाचे औषध दिलेले नसेल, तर नव्या व चांगल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करणे इष्ट असते. चुकीने रोधी ठरलेल्या रुग्णास अधिक त्रासदायक औषधे घ्यावी लागतात. चुकीने साधा ठरलेला रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहतो आणि रोधी जंतू घरात पसरवतो.

काही चुका नमुन्याच्या हातच्या नसतात. आफ्रिकेतील स्वाझिलँड, म्हणजे आताचे इस्वातिनी, येथे ८१ अक्षरांच्या बाहेर पडलेल्या एका उत्परिवर्तनामुळे अनेक रोधी रुग्ण या चाचणीतून निसटल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे कितीही उत्तम बेडका दिला असता तरी यंत्राला तो रोध दिसला नसता.

मुले आणि फुप्फुसाबाहेरील क्षय

लहान मुले बेडका गिळतात. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेला जठरातील स्राव, किंवा खारट पाण्याची वाफ देऊन आणलेला बेडका तपासतात. दोन्ही प्रकार मुलाला त्रासाचे आणि रुग्णालयातच होणारे आहेत. गिळलेले जंतू पुढे शौचात उतरतात, या साध्या तर्कावर आधारलेली मुलांच्या शौचाची रेणवीय चाचणी जागतिक संघटनेने २०२० पासून मान्य केली.

गाठ, मणका, मेंदूभोवतीचे द्रव, फुप्फुसाच्या आवरणातील पाणी यांत जंतू विरळ असतात. आवरणातील पाण्यात जुन्या कार्ट्रिजची संवेदनशीलता सुमारे निम्मीच आहे. मेंदूभोवतीच्या द्रवात ती सुमारे ७१ टक्के आहे. गाठीत सुईने काढलेल्या द्रवात बरीच अधिक. पाठीचे किंवा मेंदूभोवतीचे पाणी पुन्हापुन्हा काढता येत नाही, म्हणून तेथे पहिल्या नमुन्याचे प्रमाण फार महत्त्वाचे. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. त्यात जंतू मरतात व जनुकीय अंशही तुटतो. त्याचा अर्धा भाग आधीच साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवावा लागतो, आणि हे शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.

नकारात्मक अहवालानंतर

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम ही लक्षणे टिकून असतील व चाचणी नकारात्मक असेल, तर पहिला प्रश्न नमुन्याचा विचारला जातो: सकाळचा होता का, किती होता, कसा दिसत होता, केंद्रावर कधी पोचला. मग एक्स-रे, दुसरा नमुना, आवश्यक तेथे संवर्धन, आणि या सर्वांनंतर वैद्यकाच्या निर्णयानुसार उपचार. निक्षय प्रणालीत जंतूंनी सिद्ध झालेला व वैद्यकीय निर्णयाने ठरवलेला क्षय अशा दोन वेगळ्या नोंदी होतात. एखाद्या तालुक्यात दुसऱ्या प्रकारच्या नोंदी फार वाढल्या, तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याने तेथील डब्यांत काय येते आहे हे पाहणे उपयुक्त ठरते.

बेडक्याशिवाय निदान करण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. जिभेवरून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्याची चाचणी त्यांपैकी एक. तीत जंतू कमी मिळतात, पण खोकू न शकणाऱ्या व्यक्तीचा नमुना मिळतो, आणि तो कोणत्याही खोलीत, कोणाच्या लक्षात न येता घेता येतो.